बल्लारपूरचा कागद, सुरजागडचे लोखंड

दिवाळीत चंद्रपूरला एका नातलगांकडे जाणे झाले. फराळ आटोपल्यावर घरातील अभियंता झालेला पुतण्या जवळ येऊन बसला आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एका कंपनीचा आलेख दाखवत म्हणाला, "काका, हा शेअर ऐंशी टक्के पडलाय. एवढा स्वस्त पुन्हा मिळणार नाही. ही व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगची संधी आहे." मी त्याला विचारले, "ही कंपनी काय बनवते?" त्याला ते नीटसे सांगता आले नाही. "हिच्यावर कर्ज किती?" तेही ठाऊक नव्हते. "ती चालवतो कोण?" यावर तो हसला आणि म्हणाला, "काका, एवढं कोण बघतं हो?"

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर नाही. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेल्या माणसाने भांडवलबाजारावर लिहावे काय, असा आक्षेप कुणी घेतला तर तो मान्य करायला हवा. परंतु ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याने प्रश्न तरी विचारावेत, एवढे शहाणपण मला स्वतःच्या खिशाला बसलेल्या चाटेतून आले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दलालाच्या सल्ल्यावरून एका नामवंत कंपनीचे पडलेले शेअर मी घेतले. ते आणखी पडले तेव्हा 'सरासरी' काढण्यासाठी आणखी घेतले. पुढे ते कागद रद्दीच्या मोलाचेही उरले नाहीत. असो.

सांगायचा मुद्दा हा की, आज आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मूल्याधारित गुंतवणूक या भारदस्त नावाखाली जे चालले आहे, ते बहुतांशी जुगाराचेच दुसरे रूप आहे. उघड जुगाराचे आकडे तर सरकारी यंत्रणेनेच प्रसिद्ध केलेले आहेत. 'सेबी'ने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व 'ऑप्शन्स'च्या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. हा पैसा कुणाचा? शिक्षकांचा, बँकेतील कारकुनांचा, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांचा. या जुगाराविरुद्ध निदान बोलले तरी जाते. पडलेला शेअर म्हणजे मोलाचा शेअर, हा जो दुसरा भ्रम दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ आणि नवशिके सल्लागार पसरवीत आहेत, त्याविरुद्ध मात्र कुणी बोलत नाही. तो भ्रम किती घातक आहे हे पाहण्यासाठी मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर जाण्याची गरज नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यप्रधान जिल्हे पुरेसे आहेत.

मूल्याधारित गुंतवणुकीचा विचार शास्त्रशुद्धपणे मांडला तो अमेरिकेतील बेंजामिन ग्रॅहम यांनी. १९२९ च्या महापतनात स्वतः पोळून निघालेल्या या प्राध्यापकाने डेव्हिड डॉड यांच्यासमवेत १९३४ मध्ये आपला मुख्य ग्रंथ लिहिला आणि १९४९ मध्ये सामान्य गुंतवणूकदारासाठी दुसरा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शेअर म्हणजे चालत्या उद्योगातील मालकीचा हिस्सा. त्या उद्योगाचे खरे मोल काय, हे बाजारभावाकडे न पाहता काढावे आणि त्या मोलापेक्षा बरीच कमी किंमत पडत असेल तरच तो घ्यावा. मधले जे अंतर, ती आपल्या चुकीसाठी ठेवलेली सुरक्षिततेची जागा. यातील 'मोल काढावे' हा कष्टाचा भाग आपल्या लोकांनी गाळून टाकला आणि 'कमी किमतीत घ्यावा' एवढेच ध्यानात ठेवले. ग्रॅहम यांचे पट्टशिष्य वॉरन बफे यांचीही यातून सुटका झाली नाही. त्यांनी स्वस्तात मिळते म्हणून बर्कशायर हॅथवे ही कापडगिरणी घेतली, १९६५ मध्ये तिचा ताबा मिळवला आणि वीस वर्षे झुंजून १९८५ मध्ये तिचे माग कायमचे थांबवले. ती आपली मोठी चूक होती, असे ते स्वतःच सांगत आले आहेत.

लोहाऱ्याचा धडा

मोल दिसणे आणि मोल हाती येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा या भूमीने सव्वाशे वर्षांपूर्वीच दिला होता. जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचा कारखाना काढण्याचा विचार प्रथम रुजला तो झारखंडमुळे नव्हे, तर आपल्या चांदा जिल्ह्यामुळे. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल चालू होती. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज असून वरोऱ्याच्या कोळसा खाणी जवळच आहेत, असे त्यात म्हटले होते. खनिज खरे होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या उपयोगाचा नव्हता आणि इंग्रज सरकारचे खाणविषयक नियम एतद्देशीय उद्योजकाचे हातपाय बांधणारे होते. जमशेटजी थांबले. सतरा वर्षांनी नियम शिथिल झाल्यावर त्यांनी पुन्हा शोध सुरू केला. तो शोध अखेर चांद्यापासून दूर, मयूरभंजच्या डोंगरांपर्यंत गेला.

त्यांच्या पश्चात १९०७ मध्ये पोलाद कंपनीचे शेअर विक्रीस निघाले. लंडनच्या धनिकांनी पाठ फिरवली, तेव्हा स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या सुमारे आठ हजार भारतीयांनी अवघ्या तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले. त्यांत संस्थानिक होते तसे सामान्य गृहस्थही होते. पहिल्या महायुद्धानंतर कंपनी बुडण्याच्या बेतात आली. १९२४ मध्ये पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा सर दोराबजी टाटांनी स्वतःची सुमारे एक कोटीची संपत्ती, पत्नी मेहेरबाईंच्या प्रसिद्ध हिऱ्यासह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. अडचणीच्या काळात उद्योग कसा सांभाळावा, याची व्याख्याने देणाऱ्यांची आज वाण नाही. पण स्वतःचा हिरा गहाण टाकणारा मालक आणि कर्जाची जोखीम भागधारकांवर ढकलून स्वतःचे साम्राज्य वाढवणारा मालक यांतील फरक ओळखणे, हीच गुंतवणूकदाराची पहिली परीक्षा आहे.

बल्लारपूर: संकट नव्हे, कर्ज

गोंड राजांनी वसवलेले बल्लारपूर गेली ऐंशी वर्षे ओळखले जाते ते कागदामुळे. लाला करमचंद थापर यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये येथे कंपनी स्थापन झाली. वर्धा नदीचे पाणी, शेजारचा कोळसा, दिल्लीहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग आणि पूर्वेला गडचिरोलीपर्यंत पसरलेली बांबूची वने: कागद गिरणीला आणखी काय हवे? शाळकरी मुलांच्या वह्यांपासून कचेऱ्यांतील नस्त्यांपर्यंत बल्लारपूरचा कागद देशभर पोहोचला. लिहिण्या-छापण्याच्या कागदात ही देशातील सर्वांत मोठी कंपनी झाली. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील आष्टी येथेही गिरणी आली. या दोन जिल्ह्यांत नवी मोटार घेण्यापेक्षा पेपर मिलमध्ये चिकटणे अधिक प्रतिष्ठेचे मानले जाण्याचा एक काळ होता.

मग २००७ साल उजाडले. त्या वर्षी कंपनीने मलेशियातील सबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही कागद व लगद्याची गिरणी सुमारे २६ कोटी १० लाख डॉलरला खरेदी केली. सोबत पावणेतीन लाख हेक्टरांहून अधिक वनक्षेत्राचे हक्क आले. भारतीय कागद कंपनीने परदेशात केलेली ही पहिली मोठी खरेदी म्हणून वृत्तपत्रांनी चौघडे वाजवले. मीही त्या वेळी वृत्तपत्रातच होतो. आमच्यापैकी कुणीही हा प्रश्न विचारला नाही की, या खरेदीसाठीचे कर्ज कागदाचा भाव पडला तर फेडणार कोण?

व्यवस्थापनाची बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. देशात लगद्यासाठी लाकूड व बांबू यांची टंचाई होती, हे खरे. परदेशात वनक्षेत्र मिळवण्यामागे तर्क होता. त्यानंतर आलेले संकटही खोटे नव्हते. २०१० पासून लागू झालेल्या 'आसियान' देशांशी मुक्त व्यापार कराराने इंडोनेशिया-मलेशियाच्या स्वस्त कागदाला दारे उघडली. स्वदेशीचा विचार मानणारी मंडळी या कराराविरुद्ध बोलत होती, तेव्हा त्यांना मागासलेले ठरवण्यात आले. बाजारात मागणी बदलत होती, कोळसा महाग होत होता.

परंतु संकट सर्वांवरच आले होते. मग सगळेच का बुडाले नाहीत? उत्तरासाठी फार दूर जायला नको. बल्लारशाहहून दक्षिणेकडे निघालेली गाडी राज्याची सीमा ओलांडून लवकरच कागजनगरला पोहोचते. तेथील सिरपूर पेपर मिल निजामाच्या काळातील. ती २०१४ मध्ये बंद पडली, कामगार देशोधडीला लागले. पुढे दिवाळखोरी कायद्याच्या मार्गाने २०१८ मध्ये जे. के. पेपर या कंपनीने ती घेतली आणि पुन्हा सुरू केली. तोच कागद, तीच आयात, तशाच जंगलाचा कच्चा माल. जे. के. पेपरला बंद गिरणी विकत घेऊन चालवणे शक्य झाले आणि देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला आपली चालती गिरणी सांभाळणे अशक्य झाले. यातील अंतर काळाचे नाही. ज्याने चांगल्या दिवसांत हात आखडता ठेवला त्याच्याकडे वाईट दिवसांत खरेदीची ताकद उरली. ज्याने चांगल्या दिवसांत उधारीवर दिग्विजय केला त्याच्याकडे वाईट दिवसांत पगारालाही पैसे उरले नाहीत.

पुढचा घटनाक्रम सर्वश्रुत आहे. खेळत्या भांडवलाअभावी बल्लारपूरची यंत्रे काही काळ थांबली, कामगारांचे पगार थकले. मलेशियातील गिरणी २०१७ मध्ये रिसीव्हरच्या हाती गेली. २०२० च्या जानेवारीत बल्लारपूर इंडस्ट्रीज ही मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली आणि तीन वर्षांनी तिच्यासाठीची योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली. बल्लारपूरची गिरणी तत्पूर्वीच वेगळ्या कंपनीकडे सोपवली गेली होती, म्हणून ती वाचली. ज्यांच्या कपाटात मूळ कंपनीचे कागद होते ते मात्र रांगेत सर्वांत शेवटी उभे राहिले. दिवाळखोरीच्या कायद्यात भागधारकाची जागा तीच आहे. आधी बँका, मग इतर देणेकरी आणि उरलेच तर मालक.

या पडझडीच्या वर्षांत तो शेअर घेणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. पुस्तकी मूल्य अमुक रुपये आणि भाव त्याच्या निम्म्याने, मग आणखी निम्म्याने, शेवटी एका रुपयाच्या आसपास. तज्ज्ञ म्हणत होते की एवढ्या मोठ्या कंपनीची जमीन आणि यंत्रेच कितीतरी अधिक मोलाची आहेत. आता साधे गणित पाहा. समजा, एखाद्याच्या वाड्याची किंमत कागदोपत्री शंभर रुपये आहे आणि त्यावर सावकाराचे ऐंशी रुपये कर्ज आहे. तर मालकाचे मोल वीस रुपये. उद्या वाडा विकायला काढला आणि त्याचे सत्तरच आले, तर मालकाचे मोल शून्य आणि वर दहा रुपयांची शरम. कागद करण्याचे यंत्र कागद करण्याखेरीज कशाच्या उपयोगाचे? बंद पडलेल्या गिरणीचे यंत्र भंगाराच्या भावाने जाते. कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेल्या कंपनीचे पुस्तकी मूल्य म्हणजे वाळूवर लिहिलेला आकडा होय. आणि कर्जाचा हा आकडा कुणी लपवलेला नव्हता. तो वर्षानुवर्षे वार्षिक अहवालात छापला जात होता. आपण ते अहवाल न उघडता रद्दीत दिले.

याच उद्योगसमूहातील दुसऱ्या कंपनीचा दाखला येथे देणे उद्बोधक ठरेल. मुंबईची जुनी क्रॉम्प्टन ग्रीव्हज, म्हणजे नंतरची सी. जी. पॉवर, नाशिक आणि अहिल्यानगरला कारखाने असलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या संचालक मंडळानेच हिशेबांतील गैरव्यवहार जाहीर केले आणि अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. २०२० मध्ये चेन्नईच्या मुरुगप्पा घराण्यातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने ८.५६ रुपये प्रति शेअर या दराने भांडवल घालून तिची सूत्रे घेतली. बँकांशी तडजोड केली, परदेशांतील तोट्याच्या उपकंपन्यांतून अंग काढून घेतले आणि मोटारी व रोहित्रे बनवण्याच्या मूळ धंद्याकडे लक्ष दिले. २०२४ मध्ये त्या शेअरचा भाव सातशे रुपयांच्या वर गेला. तेच वर्ष, तोच समूह, दोन्ही शेअर मातीमोल. एकात मोल होते, दुसऱ्यात नव्हते. केवळ भाव पाहून हे कुणाला कळले असते?

सुरजागडचा डोंगर

आता गडचिरोलीकडे वळू. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे, हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. चंद्रपूरजवळ घुग्घुस येथे स्पंज आयर्नचा कारखाना असलेल्या लॉईड्स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये तेथील सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. पट्टा मिळाला, पण डोंगरावर जाता येईना. नक्षलवाद्यांचे तेथे राज्य होते. २०१३ च्या जूनमध्ये कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या झाली. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले तोच, २३ डिसेंबर रोजी पाऊणशेहून अधिक वाहने जाळून टाकण्यात आली. पुढची काही वर्षे काम कधी सुरू, कधी बंद. २०२० मध्ये या कंपनीचा शेअर दहा रुपयांच्या आसपास मिळत होता आणि कुणी घेत नव्हते.

२०२१ मध्ये खाणकामाचा प्रदीर्घ अनुभव असलेली त्रिवेणी अर्थमूव्हर्स ही कंपनी भागीदार म्हणून आली, बी. प्रभाकरन यांच्याकडे सूत्रे आली आणि खाण खऱ्या अर्थाने चालू झाली. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ मध्ये एक कोटी टनांवर गेली. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहू लागला. २०२५ मध्ये शेअरचा भाव हजाराच्या पुढे होता.

हा भाव सांगितला की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात, म्हणून एक गोष्ट लगेच सांगितली पाहिजे. आज हजाराच्या पुढच्या भावात तो घ्यावा, असे हा लेख सुचवत नाही. ज्या भावात उद्याच्या सगळ्या आशा आधीच मोजून दिल्या आहेत, तेथे चुकीसाठी जागा उरत नाही. आणि २०२० मध्ये तो घेणारा प्रत्येकजण द्रष्टा होता असेही नाही. त्या वेळी कोणत्याही ताळेबंदात न दिसणारी एक बाब या शेअरचे मोल ठरवीत होती. ती म्हणजे एटापल्लीच्या रस्त्यावर गस्त घालणारा पोलीस जवान. ग्रॅहम यांनी सांगितलेली सुरक्षिततेची जागा गडचिरोलीत शब्दशः जवानांनी निर्माण केली आणि त्यासाठी कित्येकांनी प्राण दिले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भूपती या वरिष्ठ नक्षल नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा मुंबईच्या विश्लेषकांनी आपापले आकडे सुधारले असतील. जवानांच्या कुटुंबांच्या नावे त्यातील किती शेअर आहेत, हे मात्र कुणी मोजत नाही.

येथे आपल्या डाव्या विचारवंतांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. चार दशके त्यांनी सांगितले की जंगलात येणारा प्रत्येक उद्योग म्हणजे लूट आणि बंदूक घेऊन त्याला अडवणारा म्हणजे वनवासींचा कैवारी. या कैवाऱ्यांनी काय दिले? शाळा पाडल्या, रस्ते उखडले आणि खबरे ठरवून गोंड-माडिया तरुणांनाच मारले. उद्योग न आल्यामुळे वनवासी श्रीमंत झाला, असे एकही गाव ते दाखवू शकत नाहीत.

मात्र खाणीला विरोध करणारा प्रत्येकजण नक्षलवादी, असा निष्कर्ष आपल्या बाजूच्या काही उत्साही मंडळींनी काढला आहे, तो तितकाच चुकीचा आहे. २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातील तोडगट्टा येथे गावकरी महिनोन्‌महिने नव्या खाणींविरुद्ध ठिय्या देऊन बसले होते. ज्यांचे देव त्या डोंगरावर आहेत, ज्यांच्या शेतावर अवजड ट्रकांची लाल धूळ बसते, ज्यांची माणसे त्या रस्त्यावर अपघातात गेली, त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेचे झाड मालकाला राजी करून, मोल देऊनच तोडावे, अशा अर्थाची सक्त ताकीद आहे. स्वराज्याच्या आरमारापेक्षा आजच्या पोलाद कंपनीची निकड मोठी आहे काय?

मालक कोण?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. ज्या बांबूवर कागदगिरणी पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्याचे मोल सरकार आणि गिरणी आपसात ठरवीत असत. तोडणाऱ्याच्या वाट्याला मजुरी तेवढी येई. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांचे ते फळ होते. या दोघांची वैचारिक परंपरा आपल्याहून वेगळी, म्हणून त्यांचे श्रेय नाकारणे क्षुद्रपणाचे ठरेल. ग्रामसभेने स्वतः विक्री केली तेव्हा गावाचे उत्पन्न कोटीच्या घरात गेले. बांबू तोच होता. मोल ठरवणारा बदलला होता.

आपल्याच विदर्भातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह आयुष्यभर धरीत राहिले. कामगाराने केवळ वेतन मागू नये, मालकीत वाटा मागावा, हा त्यांचा विचार भांडवलदारांना रुचला नाही आणि साम्यवाद्यांना कळला नाही. २०२५ च्या पहिल्याच दिवशी कोनसरी येथे कामगारांना, त्यांत शस्त्र टाकून आलेले काही माजी नक्षलवादीही होते, कंपनीच्या शेअरची प्रमाणपत्रे देण्यात आली. हा समारंभ केवळ छायाचित्रापुरता होता की त्यातून खरी मालकी उभी राहील, हे पुढच्या मंदीत दिसेल. पोलादाचा भाव पडेल, कारण तो आजवर नेहमीच पडत आला आहे. तेव्हा हे शेअर त्या कामगारांच्या हाती असतील की एखाद्या दलालाने गावोगाव फिरून ते कवडीमोलाने गोळा केलेले असतील? कंपनीने त्यांना प्रमाणपत्रासोबत ताळेबंद वाचायला शिकवले आहे काय? गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या भागधारकाला वार्षिक अहवाल इंग्रजीत पाठवून कुणाचे हित साधणार? चंद्रपूर-गडचिरोलीतील आपल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींनी, हे काम अंगावर घ्यायला काय हरकत आहे?

आणि हे काम करण्यापूर्वी ते स्वतःच्या घरी करावे लागेल. आपल्या घरांतून आजवर शेअर म्हणजे सट्टा, सोने आणि प्लॉट म्हणजे गुंतवणूक, असे शिकवले गेले. मुले मोठी झाली ती थेट भ्रमणध्वनीवरचे 'ऑप्शन्स' खेळू लागली. मधली पायरी, म्हणजे उद्योगाचा मालक म्हणून तो पाहणे, वाईट दिवसांत त्याचा चालक काय करतो यावर नजर ठेवणे, वार्षिक सभेला जाऊन उभे राहून प्रश्न विचारणे, ही आपल्याकडे रुजलीच नाही. १९०७ च्या त्या आठ हजार भागधारकांपैकी किती जणांना पोलाद कसे बनते हे ठाऊक होते, कोण जाणे. परंतु आपण कशाचे मालक होत आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

चंद्रपूरहून निघण्यापूर्वी मी पुतण्याला त्या पडलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडायला लावला. तो संगणकावर फुकट मिळतो. अडीचशे पाने पाहून तो कंटाळला. मग आम्ही दोघांनी मिळून फक्त तीनच गोष्टी शोधल्या: कर्ज किती, व्याज भागवण्याइतका धंद्यातून पैसा येतो काय आणि प्रवर्तकांनी स्वतःचे किती शेअर गहाण टाकले आहेत. तिसरा आकडा सापडायला अर्धा तास लागला. तो वाचून त्याने पडदा बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन वडिलांना विचारले, "बाबा, आपल्याकडे अजून कुठल्या कंपन्यांचे कागद आहेत?" कपाटातून एक जुनी कापडी पिशवी निघाली. माझी गाडी चुकली, दुसरी पहाटेची होती. तोवर आम्ही तिघे ते कागद एकेक करून लावत बसलो होतो.